उसना खोकला

ज्याला खोकला झालेलाच नाही, त्याला खोकल्याचं औषध पाजायचं आणि ते कितपत लागू पडलं ते मोजायचं, हा उफराटा उद्योग वाटेल. पण खोकला दाबणाऱ्या औषधांची पारख गेली सत्तर वर्षं बऱ्याच अंशी अशीच होत आली आहे. धडधाकट माणूस बसवायचा, त्याच्या श्वासात मोजूनमापून एखादा झोंबरा फवारा सोडायचा आणि तो किती वेळा खोकतो ते मोजायचं. मग औषध देऊन तेच सगळं पुन्हा करायचं. खोकला कमी आला, तर औषधात दम आहे असं समजायचं.

हिशेब सरळ दिसतो, पण तो तितका सरळ नाही. असा मुद्दाम आणलेला खोकला ज्यांनी छान रोखला, त्यांतली काही औषधं खऱ्या पेशंटसमोर फिकी पडली. उलट ज्यांनी तो रोखला नाही, त्यांतली काही पेशंटच्या कामी आली. ही चाचणी नेमकं काय मोजते आणि काय मोजत नाही हे एकदा कळलं, की ‘वैद्यकीय चाचणीत सिद्ध’ अशा शब्दांचा अर्थ नीट लावता येतो.

निरोगी माणूसच का?

पहिली अडचण खोकल्याच्या स्वभावातच आहे. सर्दीबरोबर येणारा खोकला आपला आपण जातो, पण सावकाश जातो. 2013 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी पूर्वीचे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिलं, तर असा खोकला सरासरी सुमारे 18 दिवस टिकतो असं निघालं. लोकांची अपेक्षा मात्र सात ते नऊ दिवसांची होती. म्हणजे आठवडाभर वाट पाहून कंटाळलेला माणूस दुकानातून बाटली आणतो, तेव्हा खोकला उताराला लागण्याच्या बेतात असतो. पुढच्या चार-सहा दिवसांत तो कमी होतो आणि श्रेय बाटलीला मिळतं. औषध घेतलं नसतं तरी हेच घडलं असतं का, हे त्या एका माणसावरून कधीच कळत नाही.

शिवाय खोकला तासातासाला बदलतो. बोलताना, हसताना, गार वाऱ्यात तो उसळतो आणि गाढ झोपेत बराच कमी होतो. इतक्या चढउतारात औषधाचा थोडासा गुण शोधायचा, तर पेशंट शेकड्यांनी लागतात, आणि तेही सर्दीच्या साधारण एकाच टप्प्यावरचे.

निरोगी माणसाच्या बाबतीत ही कटकट नसते. त्याच्या श्वासनलिकेची संवेदनशीलता आज, पुढच्या आठवड्यात आणि पुढच्या महिन्यातही बऱ्यापैकी तीच राहते. त्यामुळे त्याची तुलना त्याच्याशीच करता येते. एका दिवशी औषध, मध्ये काही दिवसांची विश्रांती आणि दुसऱ्या दिवशी तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, म्हणजे प्लासीबो. कोणत्या दिवशी काय दिलं हे घेणाऱ्याला ठाऊक नसतं आणि मोजणाऱ्यालाही नसतं. अशा रचनेत दहा-वीस माणसांवरही भागतं. नवं रसायन माणसाला पहिल्यांदा देताना ते बहुधा निरोगी स्वयंसेवकांनाच देतात. तेव्हा सुरक्षितता तपासता तपासता गुणाचाही अंदाज घ्यावा, असा त्यामागचा व्यवहार आहे.

लिंबूसत्त्व ते मिरची

एकोणिसाव्या शतकात खोकल्यावरचा हुकमी उपाय म्हणजे अफू आणि तिच्यातून निघणारी मॉर्फीन, कोडीन ही द्रव्यं. 1898 मध्ये जर्मनीच्या बायर कंपनीनं खोकल्यावरचं नवं औषध बाजारात आणलं आणि त्याचं नाव ठेवलं हेरॉइन. पुढं काय झालं ते सर्वांना माहीत आहे. विसाव्या शतकाच्या मध्याला औषधनिर्माते व्यसन न लावणारा पर्याय शोधत होते. पण नव्या औषधात दम आहे की नाही, हे मोजायचं कशानं? कुत्री, मांजरं, गिनीपिग यांच्यावर प्रयोग चालत. त्यांतून माणसाबद्दल खात्रीनं सांगता येत नव्हतं.

1954 साली हायलन बिकरमन आणि ॲल्व्हन बराक या अमेरिकी डॉक्टरांनी एक युक्ती काढली. सायट्रिक ॲसिड, म्हणजे आपण सरबतात घालतो ते लिंबूसत्त्व, पाण्यात विरघळवून त्याचा बारीक तुषार त्यांनी माणसांना हुंगवला आणि खोकला मोजला. सगळीच माणसं सारखी खोकत नव्हती. मग दर वेळी साधारण सारखाच प्रतिसाद देणारी निरोगी माणसं निवडून बिकरमन यांच्या गटानं 1957 मध्ये त्यांच्यावर खोकला दाबणाऱ्या औषधांची तुलना प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी डेक्स्ट्रोमेथॉर्फनला अमेरिकेत मान्यता मिळाली. आज आपल्याकडे कोरड्या खोकल्याच्या बऱ्याच बाटल्यांवर ‘डीएक्स’ किंवा ‘डी’ अशा अक्षरांत डोकावणारं औषध ते हेच.

दुसरं पाऊल 1984 सालचं. लंडनमध्ये कोलियर आणि फुलर यांनी सायट्रिक ॲसिडऐवजी कॅप्सेसिन वापरलं. कॅप्सेसिन म्हणजे मिरचीचा तिखटपणा. फोडणीत सुकी मिरची करपली की घरभर ठसका उठतो, त्यात याच रसायनाचा मोठा वाटा. स्वयंपाकघरातला तो ठसका आणि प्रयोगशाळेतला खोकला एकाच वाटेनं येतात. फरक एवढाच, की प्रयोगशाळेत मिरचीचा कण न् कण मोजलेला असतो. कॅप्सेसिन नसांवरच्या ज्या ग्राहीला (रिसेप्टरला) चिकटतं, ते टीआरपीव्ही-1, डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं 1997 मध्ये शोधून काढलं आणि त्या कामासाठी त्यांना 2021 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. म्हणजे तेरा वर्षं डॉक्टर लोक कॅप्सेसिन वापरत होते ते कुठल्या दारातून आत शिरतं हे न कळताच.

एक श्वास, पंधरा सेकंद

चाचणीची खोली अगदीच साधी असते. माणूस खुर्चीत बसतो, तोंडात फवारायंत्राची नळी धरतो आणि एकच श्वास आत ओढतो. श्वास सुरू होताच यंत्र ठरावीक वेळापुरताच फवारा सोडतं. पण कुणी जोरात ओढतो, कुणी हळू, आणि त्यानुसार कण किती खोल जातात ते बदलतं. म्हणून नळीत एक झडप बसवतात, की कितीही जोर लावला तरी सेकंदाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त हवा आत जाऊ नये. श्वास सोडल्यावर घड्याळ लावून पुढच्या पंधरा सेकंदांतले खोकले मोजतात. साधारण मिनिटभर थांबून पुढचा श्वास.

कॅप्सेसिन पाण्यात नीट विरघळत नाही. (तिखट लागल्यावर पाणी पिऊन उपयोग होत नाही तो यामुळेच.) म्हणून ते आधी अल्कोहोलमध्ये विरघळवून मग सलाइनमध्ये पातळ करतात. पातळपणाच्या पायऱ्या असतात. लिटरला अर्ध्या मायक्रोमोलच्या आसपास सुरुवात, मग एक, दोन, चार, आठ असं दर वेळी दुप्पट करत पाचशे-हजारापर्यंत. मध्येच नुसत्या सलाइनचा श्वास देतात, म्हणजे पुढचा झोंबणारा आहे की नाही याचा अंदाज बांधता येत नाही.

ज्या पायरीला माणूस निदान पाच वेळा खोकतो, तिला ‘सी-5’ म्हणतात. निदान दोनदा खोकला आणणारी पायरी ‘सी-2’. औषध घेतल्यावर सी-5 वर सरकला, म्हणजे पाच खोकल्यांसाठी पूर्वीपेक्षा जास्त कॅप्सेसिन लागलं, तर औषधानं प्रतिक्षिप्त क्रिया बोथट केली असा निष्कर्ष निघतो. ही सगळी शिस्त युरोपियन रेस्पिरेटरी सोसायटीनं 2007 मध्ये मार्गदर्शक तत्त्वांत बांधून दिली, कारण तोवर जो तो आपापल्या यंत्रानं मोजत होता आणि एकाचे आकडे दुसऱ्याच्या आकड्यांशी ताडून पाहता येत नव्हते.

मोजणीत आणखी खाचखळगे आहेत. फवारे लागोपाठ दिले तर नसा सरावतात आणि खोकला आपोआप कमी होतो. मध्ये पुरेसा वेळ सोडला नाही, तर तो सराव औषधाचा गुण म्हणून नोंदला जाईल. निरोगी बायकांचा खोकला निरोगी पुरुषांपेक्षा कमी मात्रेला सुरू होतो, हे अनेक ठिकाणी दिसलं आहे. त्यामुळे दोन गटांची तुलना करायची तर बायका-पुरुषांचं प्रमाण सांभाळावं लागतं. कोडीनचं तर आणखी वेगळं. यकृतातलं सीवायपी-2डी-6 हे विकर कोडीनचं मॉर्फीन करतं. काहींमध्ये ते जवळजवळ निकामी असतं, काहींमध्ये धडाक्यानं चालतं. तोच घोट एकाला पाण्यासारखा, तर दुसऱ्याला जड. डेक्स्ट्रोमेथॉर्फनचं विघटनही याच विकराच्या हाती आहे.

मनाचा हात

चाचणीच्या सूचनांत एक वाक्य हमखास असतं. खोकला आला तर येऊ द्या, दाबू नका. ही सूचना वरवरची नाही. कार्डिफमधल्या रॉन एक्लिस यांच्या गटानं 1993 मध्ये निरोगी स्वयंसेवकांना कॅप्सेसिन हुंगवून उलटं सांगितलं, की खोकला दाबून धरा. आणि तो बऱ्याच अंशी दाबता आला. खोकला ही प्रतिक्षिप्त क्रिया असली, तरी गुडघ्यावर हातोडी मारल्यावर पाय उडतो तशी पूर्णपणे आपल्या ताब्याबाहेरची नाही. श्वासनलिकेतून निघालेला संदेश व्हेगस नावाच्या लांबलचक चेतातंतूनं मेंदूच्या बुडाशी असलेल्या मज्जापुच्छापर्यंत जातो. तिथून खोकल्याचा हुकूम सुटतो. पण त्याच्या वर बसलेल्या मोठ्या मेंदूलाही त्यात बोलण्याचा हक्क आहे. सभागृहात, देवळात किंवा पूजेच्या वेळी आपण ढास गिळतो ती त्याच हक्कानं.

आता प्लासीबोचं महत्त्व लक्षात येईल. ऑस्ट्रेलियातल्या एका गटानं 2012 मध्ये निरोगी माणसांना सांगितलं, की हे औषध तुमचा घसा बधिर करील. ते औषध नव्हतंच. सुरुवातीला त्यांनी गुपचूप कॅप्सेसिनची मात्रा कमी केली, म्हणजे ‘औषध’ लागू पडतंय असा अनुभव माणसाच्या गाठीशी आला. नंतर मात्रा पूर्ववत केली, तरी खोकावंसं वाटण्याची तीव्रता कमीच भरली. एक्लिस यांनी 2002 च्या आढाव्यात असं मांडलं, की सर्दीच्या खोकल्यावरच्या चाचण्यांत औषध घेतल्यावर जो उतार दिसतो, त्यातला 85 टक्क्यांपर्यंतचा भाग प्लासीबोच्या वाट्याचा असू शकतो.

यात आणखी एक मेख आहे. प्लासीबोचं सिरप करायचं, तर चव जुळवण्यासाठी त्यातही साखर घालावी लागते. फिलाडेल्फियातल्या संशोधकांनी 2012 मध्ये निरोगी तरुणांना आधी साखरेच्या पाण्यानं चूळ भरायला लावली आणि मग कॅप्सेसिन दिलं. नुसत्या गोडीनंही खोकल्याचा उंबरठा वर सरकला. म्हणजे ज्याला आपण ‘औषध नसलेलं’ सिरप म्हणतो, ते बिनकामाचं नसतंच. घसा खवखवला की खडीसाखर, ज्येष्ठमध किंवा मध चाटवण्याच्या आपल्याकडच्या सवयीत तथ्य आहे ते बहुधा इथंच. गोडी आणि चिकटपणा दोन्ही घशाला निववतात. (एक वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध देऊ नये. त्यात क्वचित बोट्युलिझमचे जंतू असतात.)

वासाचंही तसंच. मेंथॉलचा गुण तपासताना त्याचा वास लपवायचा कसा? ॲलिन मॉरिस आणि सहकाऱ्यांनी 1994 मध्ये निरोगी माणसांना मेंथॉल, पाइनचं तेल आणि साधी हवा अशी तिन्ही आळीपाळीनं हुंगवली. पाइनच्या तेलाला वास होता, पण मेंथॉलचा थंडावा नव्हता. सायट्रिक ॲसिडचा खोकला मेंथॉलनंतर दोहोंपेक्षा कमी आला. वासाला वासानं उत्तर देणारी ही रचना या क्षेत्रातल्या चांगल्या कारागिरीचा नमुना आहे.

पास कोण, नापास कोण

ही कारागिरी मान्य करूनही निकाल मात्र बुचकळ्यात टाकतात. ग्वायफेनेसिन घ्या. कफ सुटावा म्हणून ते कितीतरी सिरपांत असतं. न्यूयॉर्कच्या पीटर डिकपिनिगायटिस यांनी 2003 मध्ये त्याची एक मात्रा 14 निरोगी आणि 14 सर्दी झालेल्या माणसांना दिली आणि सी-5 मोजला. सर्दीवाल्यांत तो वर सरकला. निरोगी माणसांत काहीच फरक नाही. चाचणी फक्त निरोगी माणसांवर झाली असती, तर औषधात काही नाही असं म्हणून कागद फाइलबंद झाले असते.

उलटा किस्सा थिओब्रोमाइनचा. कोकोच्या बियांत असलेलं हे द्रव्य. 2005 मध्ये लंडनच्या संशोधकांनी दहा निरोगी माणसांना ते एक ग्रॅम दिलं आणि प्लासीबो व कोडीनशी तुलना केली. थिओब्रोमाइननंतर खोकला आणायला प्लासीबोपेक्षा सुमारे एक तृतीयांश जास्त कॅप्सेसिन लागलं. कोडीननं मात्र जेमतेम फरक पाडला. चॉकलेटनं खोकला थांबतो अशा बातम्या जगभर झळकल्या. बारा वर्षांनी, 2017 मध्ये, चिवट खोकल्याच्या पेशंटवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निकाल आले. प्लासीबोपेक्षा किंचित सरस, पण मुख्य निकषावर तो फरक सिद्ध झाला नाही.

मग वाटेल, की टीआरपीव्ही-1 हे दारच थेट बंद करणारं औषध केलं तर? तसं केलंही. 2014 मध्ये अशा एका औषधानं जुनाट खोकल्याच्या पेशंटमध्ये कॅप्सेसिनचा खोकला ठरल्याप्रमाणे रोखला. पण त्याच पेशंटचे चोवीस तासांतले खोकले ध्वनिमुद्रण करून मोजले, तर ते होते तेवढेच. 2017 मध्ये दुसऱ्या कंपनीच्या तशाच औषधाची तीच गत झाली. हे अपयश फार बोलकं आहे. औषधानं आपलं काम चोख केलं होतं. फक्त ज्या दाराला ते कुलूप लावत होतं, त्या दारातून त्या पेशंटचा खोकला येत नव्हता.

मॉर्फीनची कथा याच्या बरोब्बर उलट. 2007 मध्ये मॉरिस यांच्या गटानं कशालाच दाद न देणाऱ्या जुनाट खोकल्यावर मॉर्फीनच्या अगदी लहान, सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या दिल्या. पेशंटनी नोंदवलेला रोजचा त्रास सुमारे 40 टक्क्यांनी उतरला. सायट्रिक ॲसिडच्या चाचणीत मात्र काहीही हललं नाही.

अलीकडचं उदाहरण गेफापिक्संटचं. पेशींना इजा झाली की त्यांतून एटीपी नावाचं ऊर्जाद्रव्य बाहेर सांडतं आणि पी-2-एक्स-3 या ग्राहीमार्फत नसांना चेतवतं. गेफापिक्संट हे दार बंद करतं. मँचेस्टरच्या जॅकी स्मिथ यांच्या गटानं 2015 मध्ये 24 पेशंटवर ते वापरलं, तर दिवसाचा खोकला प्लासीबोच्या तुलनेत 75 टक्क्यांनी घटला. 2019 मध्ये फवाऱ्याच्या चाचण्या झाल्या, तेव्हा कॅप्सेसिन आणि सायट्रिक ॲसिडनं आणलेल्या खोकल्यावर त्याचा परिणाम दिसला नाही. एटीपीच्या फवाऱ्यानं आणलेल्या खोकल्यावर दिसला. कॅप्सेसिनच्या कसोटीवर हे औषध निवडायला बसलो असतो, तर पहिल्याच फेरीत बाद केलं असतं.

पण म्हणून गेफापिक्संट रामबाण ठरलं असंही नाही. मात्रा कमी करून मोठ्या चाचण्या घेतल्यावर प्लासीबोपेक्षा फरक 15 ते 18 टक्क्यांच्या आसपास उरला, कारण प्लासीबोच्या गटातला खोकलाही साधारण निम्म्यावर आला. शिवाय पुष्कळांच्या तोंडाची चव बिघडली. जपाननं 2022 मध्ये आणि युरोपीय संघानं 2023 मध्ये त्याला मान्यता दिली. अमेरिकेच्या औषध नियामकानं दोनदा नाकारलं.

फवाऱ्याचे आणि पेशंटचे निकाल असे का जुळत नाहीत? निरोगी माणसाच्या श्वासनलिकेतल्या नसा शांत असतात. त्यांना बाहेरून झोंबरं रसायन देऊन एका ठरावीक वाटेनं डिवचलं जातं. सर्दीत किंवा जुनाट खोकल्यात परिस्थिती निराळी असते. तिथं सुजेमुळे नसाच हळव्या झालेल्या असतात, मेंदूतला खोकल्याचा नियंत्रक उतावीळ झालेला असतो, आणि अत्तराचा वास, गार हवा, दोन शब्द बोलणं एवढ्यानंही उबळ सुटते. दोन्हीकडे आवाज तोच येतो, पण त्यामागची घडण वेगळी. सी-5 चे आकडे पाहिले तरी ते दिसतं. जुनाट खोकल्याचे बरेच पेशंट आणि निरोगी माणसं यांचे आकडे एकमेकांत इतके मिसळतात, की आकड्यावरून कोण आजारी ते ओळखता येत नाही.

मग ही चाचणी कशाला?

चाचणीचा उपयोग आहेच, फक्त तिला तिचाच प्रश्न विचारावा लागतो. औषध रक्तातून ठरलेल्या जागी पोचलं का, किती मात्रेला परिणाम सुरू होतो, तो किती तास टिकतो, हे तिच्याइतकं स्वस्तात आणि लवकर दुसरं काही सांगत नाही. खोकल्याची कारणं शोधायलाही तिची मदत झाली. रक्तदाबाच्या ‘एसीई इनहिबिटर’ गोळ्यांनी काहींना कोरडी ढास लागते. 1987 मध्ये लंडनमध्ये अशा पेशंटची कॅप्सेसिन चाचणी केली, तर त्यांची संवेदनशीलता वाढलेली होती आणि गोळी बंद केल्यावर ती उतरली. ‘डॉक्टर, गोळी सुरू केल्यापासून खोकला येतोय’ ही तक्रार मनाची नाही, हे आकड्यांत सिद्ध झालं.

आजची वाट अशी आहे. निरोगी माणसांवरच्या चाचणीतून मात्रा ठरवायची आणि गुणाचा निवाडा मात्र पेशंटच्या छातीला चिकटवलेल्या ध्वनिमुद्रकावर करायचा. हे यंत्र दिवसरात्र सगळे आवाज टिपतं आणि मग त्यांतले खोकले वेगळे काढून मोजले जातात. या मोजपट्टीनं जुन्या राजांचीही झडती घेतली. वर्षानुवर्षं सगळ्यांत हुकमी मानलेल्या कोडीननं 2006 मध्ये फुप्फुसांच्या सीओपीडी या आजारातल्या खोकल्यावर प्लासीबोपेक्षा जास्त काही केलं नाही असं दिसलं. सर्दीच्या खोकल्यातही 1997 मध्ये तसाच निकाल आला होता. चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या खोकल्याच्या औषधांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेनं 2014 मध्ये सांगितलं, की ही औषधं गुणकारी आहेत किंवा नाहीत असं म्हणायला चांगला पुरावा दोन्ही बाजूंनी नाही.

आपल्याकडच्या बाटलीवर काय?

भारतातल्या बाटल्यांवर एकाच वेळी तीन-चार नावं असतात. खोकला दाबणारं डेक्स्ट्रोमेथॉर्फन, कफ पातळ करणारं ब्रोमहेक्सिन, सर्दीचं क्लोरफेनिरामिन, वर मेंथॉल. यातलं ब्रोमहेक्सिन आपल्या अडुळशाशी नातं सांगतं. अडुळशातल्या व्हॅसिसिन या द्रव्याचा साचा समोर ठेवून ते घडवलं गेलं. प्रत्येक घटकाची कुठं ना कुठं चाचणी झालेली असते. पण एकानं कफ सोडवायचा आणि दुसऱ्यानं तो बाहेर टाकणारा खोकलाच दाबायचा, या जोडीची एकत्र परीक्षा कितीदा झाली? केंद्र सरकारनं जून 2023 मध्ये 14 मिश्रणांवर बंदी घातली. डेक्स्ट्रोमेथॉर्फन, ब्रोमहेक्सिन, अमोनियम क्लोराइड आणि मेंथॉल यांचं मिश्रण आणि क्लोरफेनिरामिन-कोडीनचं सिरप ही दोन्ही त्या यादीत होती.

मुलांच्या बाबतीत हिशेब आणखी कडक हवा. फायद्याचा पुरावा लंगडा असताना धोका किंचितही चालत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबर 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या सिरपमुळे मुलं दगावली. त्यांतल्या काहींना उपचारांसाठी नागपूरला आणलं होतं. तो दोष भेसळीचा होता, खोकल्याच्या औषधाच्या गुणाचा नव्हे. पण त्यातल्या बऱ्याच मुलांना मुळात सिरपची गरज होती का, हा प्रश्न त्या निमित्तानं सरकारी पातळीवरही विचारला गेला. दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली ती सर्वसाधारणपणे टाळावीत, अशी सूचना केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयानं काढली. पूर्ण निरोगी शाळकरी मूलही दिवसाकाठी सरासरी 11 वेळा खोकतं, असं 1996 च्या एका इंग्लिश अभ्यासात आढळलं होतं. श्वासनलिका झाडून स्वच्छ ठेवण्याचं ते रोजचं काम आहे.

तेव्हा ‘चाचणीत सिद्ध’ असं कुठं वाचलं, तर विचारायचे प्रश्न चार. चाचणी निरोगी माणसांवर झाली की खोकणाऱ्यांवर? खोकला फवाऱ्यानं आणलेला होता की आजाराचा? तुलना कशाशी होती, काही न घेण्याशी की गोड प्लासीबोशी? आणि मोजलं काय, सी-5 की चोवीस तासांतले खोकले? निरोगी माणसावरच्या निकालाला पहिल्या दोन प्रश्नांतच मर्यादा पडते. तो खोटा नसतो, अपुरा असतो.

आणि शेवटी हेही, की कोणताही खोकला किती दिवस दाबत बसायचा याला सीमा आहे. दोन आठवड्यांहून जास्त टिकलेल्या खोकल्यात क्षयरोगाची तपासणी करावी, असं राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सांगतो. सर्दीचे बरेच खोकले या मुदतीच्या पलीकडे रेंगाळतात, म्हणजे तपासायला गेलेल्या बहुतेकांना क्षय निघणार नाही. तरीही थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. तिसऱ्या आठवड्यात तिसरी बाटली आणण्यापेक्षा ती करून घेणं केव्हाही शहाणपणाचं.